डॉक्टरबाईंचं कुलूप

उस्तादांची दाढ आठ महिन्यांपासून दुखत होती आणि आठ महिने ते ती अजिबात दुखत नसल्याचं सांगत होते. जेवताना एकाच बाजूने चावायचे आणि विचारलं तर "सवय आहे" म्हणायचे. गार पाणी पिताना डोळे घट्ट मिटायचे आणि विचारलं तर "बरं वाटतं" म्हणायचे. पण त्या गुरुवारी सकाळी डावा गाल एवढा सुजला की आरशात बघून ते स्वतःच दचकले. बायकोने पायात चपला सरकवल्या.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"माहीत आहे कुठे ते."

उस्ताद म्हणजे गावातले कुलूपवाले. किल्ली हरवलेलं कपाट, गंजलेलं फाटक, आतून लागलेलं न्हाणीघर, काहीही असो, लोक आधी उस्तादांना बोलवायचे आणि मग काय झालं ते सांगायचे. त्यांना अंधाराची भीती नव्हती, उंचीची नव्हती, अंगावर येणाऱ्या कुत्र्याचीही नव्हती. एकदा तिसऱ्या मजल्यावर शेजारच्या गॅलरीतून उडी मारून त्यांनी एका म्हातारबाईंचं दार आतून उघडून दिलं होतं आणि वर त्यांच्याच घरी चहा पिऊन आले होते. भीती होती ती फक्त एका खुर्चीची. दातांच्या डॉक्टरकडची, मागे कलणारी.

त्या खुर्चीतून ते आधी दोनदा निसटले होते. पहिल्यांदा, "कुणीतरी न्हाणीघरात अडकलंय, फोन आलाय," असं सांगून. फोन वाजलाच नव्हता हे बायकोच्या लक्षात आलं तोवर ते दुकानात पोचून ऑर्डरी घेत होते. दुसऱ्यांदा ते खुर्चीत बसले, गळ्यात कागदी रुमालही बांधून घेतला. डॉक्टरबाई हात धुवायला वळल्या आणि हात पुसत परत फिरल्या तेव्हा उस्ताद रुमालासकट चौकात होते. म्हणून तिसऱ्या खेपेला बायकोने त्यांचा हात जो दंडाला धरला तो दवाखान्याचा जिना चढेपर्यंत सोडला नाही. उस्तादांच्या या बायकोला सगळं गाव वहिनी म्हणायचं, आपणही वहिनीच म्हणू.

दवाखाना एका वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या डोक्यावर, लांबट व्हरांड्याच्या टोकाला होता. डॉक्टरबाई दुसऱ्या गावच्या. त्या फक्त गुरुवारी यायच्या, साडेनऊच्या बसने, आणि दोनच्या बसने परत जायच्या. म्हणजे गुरुवारी दोन वाजेपर्यंत जो टिकला त्याला पुढचे सात दिवस कसली चिंता नाही. उस्तादांनी जिना चढताना हा हिशेब मनाशी पक्का करून ठेवला होता.

वर बाकावर एक निवृत्त मास्तर आधीच येऊन बसले होते. त्यांची कवळी दुरुस्तीला दिलेली होती आणि ती आत, डॉक्टरबाईंच्या कपाटात होती. दुपारी एक वाजता शाळेच्या नव्या वाचनालयात त्यांचं भाषण होतं. दात नसल्यामुळे मास्तरांचं बोलणं जरा हवेशीर झालं होतं. वाचकांच्या सोयीसाठी ते इथे दात असल्यासारखं लिहिलं आहे.

"गाल बराच आलाय की," मास्तर उस्तादांना म्हणाले.

"थंडीने," उस्ताद म्हणाले. बाहेर ऊन रखरखत होतं.

तेवढ्यात डॉक्टरबाई जिना चढून आल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात किल्ली. उस्तादांना बघून त्या थबकल्या, मग वहिनींनी धरलेला दंड बघून त्यांना धीर आला.

"आज सोडायचं नाही हं यांना," त्या हसत म्हणाल्या आणि किल्ली कुलपात घातली.

दवाखान्याचं कुलूप दारातच बसवलेलं, जुन्या पद्धतीचं. किल्ली आत गेली, पण फिरेना. डॉक्टरबाईंनी दार जरा वर उचललं, किल्ली मागे घेतली, पुन्हा ढकलली. "हे दर वेळी असंच करतं," त्या म्हणाल्या. "दार उचलून धरावं लागतं."

बाकीच्यांना फक्त एक हट्टी कुलूप दिसत होतं. उस्तादांना सगळं दिसत होतं. कुलूप आतून कोरडं ठक्क पडलंय. किल्लीच्या मानेपाशी केसाएवढी चीर गेलीय. तेलाचा एक थेंब सोडला तर कुलूप लोण्यासारखं फिरेल, आणि जोर केला तर किल्ली तुटेल. खिशातल्या कातडी पाकिटात तेलाची चिमुकली बाटली होतीच. रस्त्यात अनोळखी माणूस कुलपाशी झगडताना दिसला तरी उस्ताद थांबून ती बाटली काढायचे. त्या दिवशी मात्र ते व्हरांड्याच्या खिडकीतून बाहेर बघू लागले. समोर गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. उस्तादांना त्या चादरी फार आवडल्या.

"व्हा बाजूला डॉक्टर, मी बघते," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या हातात जोर नाही."

नवऱ्याचा दंड सोडून त्यांनी दोन्ही हातांनी किल्ली धरली. आठ महिन्यांचा राग त्या मनगटात होता. खट्ट आवाज झाला. वहिनींच्या हातात किल्लीचं डोकं आलं आणि उरलेली किल्ली कुलपात राहिली.

मग उस्ताद म्हणाले, "अरेरे." असं मनापासून म्हटलेलं अरेरे गावाने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"दुसरी किल्ली?" मास्तरांनी विचारलं.

"दुसरी नाहीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मालकांनी एकच दिली होती."

"मग आज काय दवाखाना उघडत नाही," उस्ताद म्हणाले. "चला, आपण कशाला उगाच गर्दी करायची."

"असं कसं उघडत नाही?" वहिनींनी त्यांच्या खिशावर थाप मारली. आत पाकिटातली हत्यारं वाजली. "घरचे उस्ताद उभे आहेत ना! काढा तो तुकडा."

आता हे उस्तादांच्या लक्षात आलंच नव्हतं असं नाही. पण माणूस संकटात आपला धंदा विसरायला बघतो, आणि बायको विसरू देत नाही. तिघंही त्यांच्याकडे बघत होते. डॉक्टरबाई आशेने, मास्तर अधीरपणे, वहिनी नेहमीसारख्या.

उस्तादांनी पाकीट काढलं. मग त्यांना एकदम युक्ती सुचली आणि चेहरा उजळला.

"पाठ फिरवा," ते म्हणाले.

"काय?" डॉक्टरबाईंना कळेना.

"तो त्यांचा नियम आहे," वहिनींनी सांगितलं. "कुलूप उघडताना कुणी बघायचं नाही. विद्या बाहेर जाते म्हणे. लग्न झाल्यापासून मी भिंतीच बघत आलेय."

तिघंही पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. उस्ताद कुलपापुढे उकिडवे बसले. बेत साधा होता. दहा मिनिटं पत्रा खरडल्यासारखे आवाज काढायचे, दोन सुस्कारे सोडायचे, आणि उठून सांगायचं की तुकडा आडवा फसलाय, सुतार बोलवून दारच काढावं लागेल, आज काही जमत नाही. पुढच्या गुरुवारचं पुढच्या गुरुवारी बघू.

बेतात एकच चूक होती. उस्तादांनी तो हाताला सांगितला नव्हता. करवतीच्या पात्याचा बारीक तुकडा त्यांनी आवाज काढण्यापुरता कुलपात सरकवला, आणि सव्वीस वर्षं जे करत आली होती ते बोटं आपोआप करू लागली. पातं किल्लीच्या कडेने आत गेलं, एका खाचेत अडकलं, अलगद मागे आलं, आणि त्याच्यासोबत तुटका तुकडा उस्तादांच्या तळहातावर येऊन पडला. अर्धं मिनिटही लागलं नाही. उस्तादांनी अभिमानाने "निघाला!" म्हणायला तोंड उघडलं, आणि मग त्यांना ती खुर्ची आठवली.

नेमके त्याच वेळी मास्तर वळले. अख्खी नोकरी फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावर लक्ष ठेवण्यात गेली होती, त्यांना पाठ फिरवून सरळ उभं राहणं जमणार तरी कसं?

कुलपाचं काम करणाऱ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत. एका हातात कुलूप, दुसऱ्यात हत्यार, मग पिना, स्प्रिंगा, बारीक स्क्रू ठेवायचे कुठे? तर ओठात. दुकानात बसलेल्या उस्तादांच्या तोंडात दिवसभर काही ना काही असायचंच. मास्तर वळलेले दिसताच उस्तादांचा हात सवयीने तोंडाकडे गेला आणि तुकडा उजव्या गालात जाऊन बसला.

"काय म्हणता? निघाला का?" मास्तरांनी विचारलं.

"उं हूं," उस्ताद म्हणाले.

सगळेच वळले. उस्तादांनी ओठ फारसे न उघडता, मान हलवत आणि हातांनी खुणा करत तुकडा कसा आडवा फसलाय ते समजावलं. डॉक्टरबाईंचा चेहरा पडला.

"म्हणजे आजचा दिवस गेलाच," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी सुताराला घेऊनच येते."

उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं, पण डॉक्टरबाईंना वाटलं दाढ ठणकतेय.

"आणि माझे दात?" मास्तर म्हणाले. "मी काय वाचनालयात नुसता उभा राहू?"

"थांबा हो सगळे," वहिनींनी फोन काढला. "यांना नसेल जमत तर धाकट्याला बोलावते. त्याच्याकडे मशीन आहे."

धाकटा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. सहा वर्षं तो उस्तादांच्या दुकानात काम शिकला, म्हणजे सहा वर्षं उस्तादांकडे पाठ करून उभा राहिला. तरीही बरंच शिकला. मग दोन वर्षांपूर्वी त्याने बस थांब्यासमोर स्वतःचं दुकान थाटलं आणि बाहेर ड्रिल मशीनचा रंगीत फोटो लावला. तेव्हापासून दाजी आणि मेव्हणा एकमेकांशी कामापुरतंच बोलत, आणि काम फारसं निघत नसे.

"त्याला?" उस्ताद ओरडले. तोंडात काय आहे याचं भान सुटलं. "मी इथे असताना तो पोरगा येऊन..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. तुकडा उजव्या गालातून निघाला, जिभेवरून घसरला, आणि आठ महिन्यांत ज्या दाढेला केवढं तरी मोठं भोक पडलं होतं तिच्यात जाऊन उभा रुतला. उस्तादांनी असा काही आवाज काढला की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक रस्त्यावर येऊन वर बघू लागलं.

"अहो! काय झालं?" वहिनींच्या हातून फोन पडता पडता राहिला.

"दाढेनेच उचल खाल्ली असणार," डॉक्टरबाई पुढे झाल्या. "बघू, उघडा तोंड."

उस्तादांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. वरून दोन्ही हात ठेवले.

"अहो, नुसतं बघतेय. हत्यारं सगळी आतच आहेत."

उस्तादांनी मान हलवली. डोळ्यांतून आता खरंच पाणी वाहत होतं. डॉक्टरबाईंनी गोडीत सांगितलं, वहिनींनी रागावून सांगितलं, मास्तरांनी "आ" म्हणजे कसं ते स्वतः करून दाखवलं. पण आठ महिन्यांत जे तोंड उघडलं नव्हतं ते आत किल्ली असताना थोडंच उघडणार! दाराचं कुलूप आणि उस्तादांचं तोंड, दोन्ही बंद, आणि मध्ये तिघं हतबल. धाकट्याला तेवढा फोन लागला.

दहा मिनिटांत तो हजर झाला. खांद्याला पेटी, हातात मशीन. "दाजी, बसा तुम्ही," तो म्हणाला, आणि त्या बसा म्हणण्यात दोन वर्षांचं काय काय होतं ते फक्त दाजींनाच कळलं. त्याने खाली वाकून कुलपात बॅटरी मारली. मग डोळा लावला. मग एक तार आत घालून फिरवली. मग उठला आणि डोकं खाजवलं.

"यात तुकडाच नाहीये."

"काहीतरीच काय?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या हातानी तुटलीय किल्ली."

"ताई, शपथेवर सांगतो. मोकळं आहे कुलूप. कुणीतरी तुकडा काढलाय."

सगळे खाली वाकून फरशीवर शोधू लागले. बाक हलवला, पायपुसणं झटकलं. वहिनींनी उस्तादांचा खिसा उलटा केला, त्यात तेलाची बाटली निघाली. उस्ताद भिंतीला टेकून, गाल धरून, वर छताकडे बघत उभे होते.

"मला एक सांगायचंय," मास्तर म्हणाले. "मघाशी मी वळलो तेव्हा यांनी तोंडात काहीतरी टाकलं. मला वाटलं, सुपारी असेल."

सगळ्यांच्या माना एकदम उस्तादांकडे वळल्या. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला.

"गिळलात?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उस्ताद, खरं सांगा. गिळलात का? गिळला असेल तर आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. कदाचित पोट उघडावं लागेल."

वहिनी मटकन बाकावर बसल्या. आत्तापर्यंतचा सगळा ताठा उतरला. "अहो, असं काय केलंत?" त्या रडू लागल्या. "नसती काढायची दाढ तर नसती काढली! मी काय जबरदस्ती केली असती?" हे शेवटचं वाक्य साफ खोटं होतं, पण रडणं खरं होतं. ते बघून उस्तादांना गलबलून आलं. बायको रडतेय आणि पोट उघडायचं चाललंय, यापुढे एक दाढ ती काय! त्यांनी हात काढले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच आपण होऊन आ केला.

डॉक्टरबाईंनी फोनचा उजेड आत टाकला. मान तिरकी करून खालून बघितलं, वरून बघितलं.

"आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "दाढेत आहे. असा बसलाय की मापाने करून घेतल्यासारखा."

"बघू बघू," धाकटा पुढे घुसला आणि त्यानेही आत बॅटरी मारली. त्याच्या तोंडून कौतुकाची शीळ निघाली. "वा दाजी! जागा लय भारी शोधलीत. थांबा, चिमट्यात येतोय." आणि त्याने पेटीतून लोखंडी पक्कड काढली. तिच्या टोकाला कालचं काळं ग्रीस होतं.

"खबरदार!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"डॉक्टर, दोन सेकंदांचं काम आहे. असे तुकडे मी रोज काढतो."

"हा दात आहे."

"तुकडा तर किल्लीचाच आहे ना? मग केस माझी आहे."

"तोंड माझ्या पेशंटचं आहे!"

त्या दोघांचं हे चालू असताना उस्ताद पक्कडीकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की डॉक्टरबाईंच्या हातातल्या चकचकीत चिमट्याहून भयंकर जगात काही नाही. आज ते वाटणं बदललं. त्यांनी पायाने ढकलून धाकट्याची पेटी दूर सारली आणि दाराकडे बोट दाखवलं. आत, लवकर, असा त्याचा अर्थ होता.

"हां, दार," धाकट्याने पक्कड ठेवून मशीन उचललं. "अर्ध्या तासात भोक पाडतो. नवीन कुलूप बसवावं लागेल, पण उघडेल नक्की."

अर्धा तास! उस्तादांनी त्याला खांद्याने बाजूला लोटलं. पाकिटातून दोन वाकड्या तारा काढल्या, तेलाचा एक थेंब कुलपात सोडला आणि दाराला कान लावला. कुणाला पाठ फिरवायला सांगायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही, आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने? चौघं डोळे फाडून बघत होते. एका तारेने त्यांनी कुलूप खालून हलकं दाबून धरलं. दुसरी आत घालून, आंधळ्याने जिना चाचपावा तशी, कुलपातली एकेक पिन वर उचलली. मोजून पाच पिना. खट्. दार उघडलं.

"एवढंच?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सहा वर्षं भिंत बघितली मी दाजी! एवढंच होतं?"

पण त्याच्याकडे बघायला दाजींना वेळ नव्हता. ते सरळ आत गेले, खुर्चीत बसले आणि मागे कलले. डॉक्टरबाईंना हात धुवायचीही घाई करावी लागली. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या, पण सवयीनेच.

मग सुई टोचली, गाल परका झाला, आणि डॉक्टरबाईंनी चिमट्याने किल्लीचा तुकडा अलगद काढून ताटलीत टाकला. टिण असा आवाज आला. उस्ताद उठून उभे राहिले आणि नमस्कार करून निघाले.

"किल्ली निघाली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाढ राहिलीय. बसा."

उस्ताद बसले. डोळे मिटले. आता काहीतरी भयंकर होणार म्हणून त्यांनी खुर्चीचे हात एवढे आवळले की बोटं पांढरी पडली. जरा वेळ गेला. अजून जरा वेळ गेला. वाट बघून बघून त्यांनी एक डोळा उघडला, तर डॉक्टरबाई मास्तरांना कवळी घालून देत होत्या.

"कधी काढणार?" त्यांनी कापसातून विचारलं.

"मघाशीच काढली," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ताटली पुढे केली. किल्लीच्या तुकड्याशेजारी दाढ पडली होती. एवढीशी. उस्ताद तिच्याकडे बघतच राहिले. हिच्यापायी आठ महिने एका बाजूने जेवलो, गार पाणी सोडलं, खुर्चीतून पळालो, किल्ली खाल्ली! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की ते चक्क हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

"मात्र शेजारची पण गेलेली आहे," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "आज नको, सूज उतरू दे. पुढच्या गुरुवारी ती काढू."

हसू तिथेच थांबलं. आज घाबरायला वेळच मिळाला नव्हता, सगळं घाईत उरकलं. आता घाबरायला अख्खा आठवडा मोकळा होता.

"आणि दाराचं काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "मला पुढच्या गुरुवारी किल्ली लागेल. कोण करून देतंय?"

"मी देतो की," धाकटा म्हणाला. "उद्या तयार."

इथे उस्तादांनी गप्प बसायला हवं होतं. धाकट्याची किल्ली दहातल्या दोन वेळा लागत नसे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर काय सांगावं, एखादा गुरुवार आणखी मिळाला असता. पण त्यांच्या समोर, त्यांनी उघडलेल्या दारात उभं राहून, कुणी दुसरा किल्ली करून देतो म्हणतोय! हात आधी पुढे झाला, शहाणपण नंतर आलं. त्यांनी ताटलीतला तुकडा उचलला, वहिनींच्या मुठीतलं किल्लीचं डोकं घेतलं, दोन्ही पाकिटात टाकलं आणि कापसाआडून म्हणाले, "मी असताना?"

दोनच्या बसच्या आधी त्यांनीच तारांनी दार पुन्हा लावून दिलं. आता तो दवाखाना उघडू शकेल असा माणूस गावात एकच होता, आणि त्याला तो उघडायचा नव्हता.

किल्ली करायचं काम उस्तादांनी बुधवारपर्यंत लांबवलं. बुधवारी दुपारी तुटके दोन तुकडे जोडून समोर ठेवले, नवी पट्टी चिमट्यात धरली आणि कानस हातात घेतली. एकेक खाच पडत गेली. चौथ्या खाचेशी ते थांबले. इथे कानस फक्त दोनदा जास्त फिरवली की झालं. दिसायला किल्ली तशीच दिसेल, आत जाईल, फिरणार मात्र नाही. कुणाला काय कळणार? जुनं कुलूप, तुटकी किल्ली, माप चुकलं असेल. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी कानस खाचेवर टेकवली.

सव्वीस वर्षांत त्यांनी केलेली एकही किल्ली परत आली नव्हती. हात पुढे जाईना. त्यांनी हाताला समजावलं, जरा रागावूनही बघितलं. मग कानस खाली ठेवली, पाचवी खाच बरोबर मापात पाडली, किल्लीला तेलाचा हात फिरवला आणि दुकान लवकर बंद करून घरी गेले. वहिनींनी जेवायला वाढलं, ते दोन्ही बाजूंनी जेवले, पण अन्नावर मन नव्हतं.

गुरुवारी साडेनऊला व्हरांडा भरला होता. किल्ली तुटल्याची गोष्ट गावभर झाली होती आणि ज्यांचे दात उत्तम होते तेही दाखवून घ्यायला आले होते. मास्तर दुरुस्त झालेल्या दातांनी सगळ्यांना ती पहिल्यापासून सांगत होते. धाकटा कोपऱ्यात उभा होता, दाजींची किल्ली बघायला आलोय असं तो म्हणाला. वहिनींनी या खेपेला दंड धरला नव्हता. डॉक्टरबाई बॅग घेऊन जिना चढून आल्या आणि सगळ्यांनी उस्तादांना वाट करून दिली.

उस्ताद दाराशी गेले. कुलूप जुनं होतं. तुकडे वाकलेले होते. मापात केसाएवढा फरक पडलाही असेल, कुणी सांगावं? अशी आशा उस्तादांनी आजवर कुठल्याच किल्लीबद्दल धरली नव्हती. त्यांनी किल्ली आत घातली आणि अगदी हळू फिरवली. दार न उचलता, न ढकलता, कुलूप उघडलं.

"वा उस्ताद!" व्हरांडा म्हणाला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. "पहिल्याच झटक्यात!" धाकटा म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात खरी आपुलकी होती.

"या, पहिला नंबर तुमचाच," डॉक्टरबाई दार धरून म्हणाल्या.

आपली किल्ली बरोबर लागली म्हणून वाईट वाटायची उस्तादांची ती पहिलीच वेळ होती.